पंचफणीसाठी पाच रंगांचा डाव

तुमचा विश्वास बसणार नाही. बसू नये अशीच गोष्ट आहे. भगवानचा तर गेल्या चाळीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीवर बसलेला नाही, तरी रोज संध्याकाळी आमच्या ओट्यावर सगळ्यात आधी येऊन बसतो तो तोच. तर ऐक भगवान. आज मी सीवूड्सला जाऊन, सात शिकल्यासवरल्या पोरांच्या मध्ये खुर्ची टाकून, जो डाव कोणी शहाण्याने खेळू नये असं सगळे बजावत होते, तोच पाच रंगांचा डाव खेळलो. आणि असा खेळलो की अख्ख्या तळवलीत आजवर कोणी खेळला नसेल.

"तळवलीत ह्यो खेळ येतो कोनाला?" भगवान म्हणाला.

"म्हणून तर म्हटलं."

माझी नात प्राची दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. पाचवीच्या स्कॉलरशिपचा पेपर देऊन दुपारी आलेली, पण शाळेचे बूटसुद्धा अजून काढले नव्हते. मी घरात पाऊल टाकल्यापासून तिने एकच प्रश्न तीनदा विचारला होता. आता चौथ्यांदा विचारला.

"आबा, आणलात?"

"आधी ऐक. वस्तू काय, एका क्षणात हातात येते. ती कशी मिळवली ते ऐकण्यात खरी मजा."

"मजा जेवायच्या आत संपवा," रखमा म्हणाली. रखमा म्हणजे माझी बायको. पायरीवर बसून वालाच्या शेंगा सोलत होती आणि माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

आता हा खेळ काय, ते भगवानसाठी सांगतो. ही रमी नाही, तीनपत्ती नाही. ह्या पत्त्यांवर राजा-राणी नसतात. राक्षस असतात, हत्ती असतात, चेटकिणी असतात आणि प्रत्येकाचा आपला एक रंग असतो. पांढरा, निळा, काळा, तांबडा, हिरवा. पत्ता खाली मांडायचा तर त्याच्या रंगाची ताकद लागते, आणि ती ताकद येते जमिनीच्या पत्त्यांतून. आपली पाळी आली की एक जमीन मांडायची. पुढच्या पाळीला आणखी एक. जमीन नसेल तर केवढाही मोठा राक्षस नुसता हातात जांभया देत बसतो. प्राचीने हे पहिल्यांदा समजावलं तेव्हाच मला खेळ कळला होता. ज्याला जमीन नाही त्याला काही नाही. हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

तर वाढदिवसाला प्राचीला ह्या पत्त्यांचं एक पाकीट मिळालं आणि त्यात निघाला पंचफणी. पाच फण्यांचा नाग. एकेक फणा एकेका रंगाचा, आणि तो मांडायला पाचही रंगांच्या जमिनी समोर हव्यात. पोर आठ दिवस तो पत्ता उशाशी घेऊन झोपली. मग गेल्या रविवारी तिच्या आईबरोबर, म्हणजे आमच्या सूनबाई उन्नतीबरोबर, सीवूड्सच्या दुकानात गेली. तिथे निखिल नावाचा एक बाप्या आहे. बाप्याच म्हणतो मी, मुलगा नाही म्हणणार. बत्तीस वर्षांचा, दाढी राखलेला, कॉम्प्युटरच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर. त्याने ह्या दहा वर्षांच्या पोरीला बाजूला बसवलं आणि गोड आवाजात काय सांगितलं? 'पाच रंग कोणी खेळतं का? हे कार्ड कोणाच्याच कामाचं नाही. त्यापेक्षा ही बघ, दहा चकचकीत कार्डं घे.'

पोर दहा पत्ते घेऊन नाचत घरी आली. सोमवारी शाळेत मैत्रिणीने सांगितलं, असा चकचकीत पत्ता दर पाकिटात एक येतोच, आणि पंचफणी अख्ख्या नवी मुंबईत तिघांकडे नसेल. त्या दिवसापासून पोर जेवली नाही.

"जेवले," प्राची म्हणाली. "फक्त भाकरी नाही खाल्ली."

"भाकरी नाही म्हणजे जेवण नाहीच!"

माझं डोकं का फिरलं, सांगतो. माझ्या बापालाही असंच सांगितलं होतं. बूट घातलेले दोन साहेब बांधावर उभे राहून म्हणाले, ही खारी जमीन, इथे काय पिकणार, कोणाच्या कामाची? आज त्या बांधावर सतरा मजले पिकलेत. तेव्हा मी प्राचीएवढा होतो, बापाच्या मागे उभा होतो, काही बोललो नाही. पण आता मी सत्तरीचा आहे आणि गप्प बसायचं माझं वय संपलंय.

"तू गप कवा बसलास?" भगवान म्हणाला.

आज सकाळी उन्नती प्राचीला परीक्षेला घेऊन गेली आणि मी घातला धुतलेला शर्ट. घणसोलीहून बस पकडली. ड्रायव्हरने माझं तोंड बघितलं आणि मधले तीन स्टॉप गाळले. थेट सीवूड्स.

"त्याला लागली असंल."

"भगवान, तुला ऐकायचंय की नाही?"

दुकान स्टेशनासमोरच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. काचेचं दार. आत एसी असा की माझ्या मिशीला दव पडलं. दुकान चालवते क्षिप्रा नावाची मुलगी. चष्मा, केस आखूड, बोलणं मऊ. मला बघून म्हणते, 'या काका, नातवासाठी काय दाखवू?'

'नातीसाठी न्याय दाखव,' मी म्हटलं.

तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, तेवढं खरं. मग भिंतीवर चिकटवलेल्या कागदाकडे बोट केलं. 'दोघांच्या मर्जीने झालेली अदलाबदल आम्ही फिरवत नाही, काका. दुकानाचा नियम आहे.'

मर्जी! दहा वर्षांच्या पोरीची मर्जी! प्राचीची मर्जी रोज संध्याकाळी मांजर पाळायची असते, म्हणून आम्ही पाळतो का? रोज सकाळी शाळेत जायची नसते, म्हणून घरी ठेवतो का? मोठ्या माणसाने लहान पोराला फसवलं की त्याला मर्जी म्हणायचं, कागदावर लिहायचं आणि भिंतीला डकवायचं. असला कागद मी बापाच्या हातातही बघितला होता. मी एवढ्या मोठ्याने बोललो की खालच्या रिक्षा थांबल्या.

"रिक्षा थांबलेल्याच असतात तिथं. स्टँड हाय," रखमा म्हणाली. तेव्हाही शेंगांवरची नजर काही तिने उचलली नाही.

तेवढ्यात निखिल स्वतःच पुढे आला. पंचफणी त्याच्याकडेच होता. जाड प्लास्टिकच्या कव्हरात घालून शर्टाच्या खिशात ठेवलेला, वरून फणे दिसत होते. माझ्या नातीच्या उशाशी झोपलेला नाग, आणि हा त्याला पेनासारखा खिशाला लावून हिंडतोय! खिशावर थाप मारून मला म्हणतो, 'काका, टेन्शन नका घेऊ. आज आठ जणांचा ड्राफ्ट आहे आणि एक जण आला नाही. तुम्ही बसा. मला हरवलंत तर कार्ड तुमचं.'

सगळी पोरं हसली.

'आणि मी हरलो तर?' मी विचारलं.

'तर काही नाही. घरी जायचं.'

हे 'काही नाही' मला सगळ्यात जास्त झोंबलं. अरे, माझ्याकडून काही मागावं एवढ्याही लायकीचा नाही का मी? घड्याळ माग, चप्पल माग. वैरी कसा असावा, तर तोडीस तोड समजणारा. ह्याने मला पानातल्या मिठाएवढंही मोजलं नाही. मी खुर्ची ओढली आणि बसलो.

"आबा, तुमी ड्राफ्ट खेळलात? खरंच?" प्राची चौकटीपासून सुटून ओट्यावर आली आणि माझ्या गुडघ्याशी बसली. "तुमाला पिक करायला कोणी शिकवलं?"

"पंगतीत जेवलेल्या माणसाला ते शिकवावं लागत नाही."

भगवान, ड्राफ्ट म्हणजे असं. आठ जण गोल बसतात. प्रत्येकाला तीन बंद पाकिटं मिळतात. एक फोडायचं, आतल्या पत्त्यांतला एक आपल्याला ठेवायचा आणि उरलेले सगळे डावीकडच्याला द्यायचे. उजवीकडच्याचे उरलेले आपल्याकडे येतात, त्यातला एक ठेवायचा. असं पत्ते संपेपर्यंत. मग दुसरं पाकीट, मग तिसरं. शेवटी जे जमलं त्यातून चाळीस पत्त्यांचा कॅट लावायचा आणि त्यानेच खेळायचं. घरून आणलेलं काही चालत नाही. पुढ्यात आलं त्यातून निवडलेलं, तेवढंच तुमचं.

माझ्या डाव्या हाताला बसला होता निखिल आणि उजव्या हाताला शौनक नावाचा कॉलेजातला मुलगा. हा शौनक चांगला. मला हळूच म्हणाला, 'आजोबा, दोन रंग पकडा. फार तर तीन. पाच केले की चिखल होतो.'

चिखल! मी सत्तावीस वर्षं पावणे गावातल्या रंगाच्या कारखान्यात शेड जुळवल्यात. गिऱ्हाईक पिवळ्या भिंतीचा टवका आणून द्यायचं आणि मी डोळ्यांनी सांगायचो, ह्यात तांबड्याचे चार थेंब आहेत. चिखल कधी होतो ते मला विचार, मी त्याला म्हटलं. रंग जास्त झाले म्हणून चिखल होत नाही. खालचा बेस कमी पडला म्हणून होतो. बेस भरपूर असेल तर त्यात पाच काय, पंधरा रंग टाक.

"आनि चार थेंबांचे कदी पाच झाले म्हंजे?" भगवान म्हणाला. हा त्याच कारखान्याच्या गेटवर वॉचमन होता. "ती अख्खी शाळा गुलाबी झाली होती, ती?"

"ती शाळेची मर्जी होती. आता मर्जीवर बोलू नकोस, डोकं फिरेल परत."

पहिलं पाकीट फोडलं. वरच निघाला आगीचा राक्षस, तांबडा, हातात मशाल, डोळे हे एवढाले. पोरांची भाषा मला कळत नव्हती, पण हा पत्ता भारी आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. आणि सगळ्यात खाली होती एक जमीन. साधी नाही, दुरंगी. अर्धी नदी, अर्धं रान. निळी ताकद हवी तर निळी देते, हिरवी हवी तर हिरवी.

"तुमी राक्षस घेतलात ना?" प्राचीने विचारलं.

"जमीन घेतली."

"आबा!" तिने दोन्ही हात डोक्याला लावले. "पहिल्या पिकला लँड? आणि राक्षस कोणाकडे गेला?"

कोणाकडे जाणार? डावीकडे. निखिलकडे. त्याने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. रस्ता चुकलेल्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं. 'थँक यू हां, काका,' म्हणाला. मी तुझा काका कधी झालो रे? तुझ्या बापाच्या लग्नात वाढायला होतो मी?

पुढचे पत्ते आले, त्यातही मी जमीन घेतली. त्याच्या पुढचे आले, त्यातही जमीन. दुसऱ्या पाकिटातही तेच. शौनक कुजबुजला, 'आजोबा, जमिनी शेवटी घेतात. आधी त्या कोणी घेत नाही.' मी म्हटलं, बाळा, कोणी घेत नाही तेव्हाच घेऊन ठेवायची असते. सगळे घ्यायला धावले की मग आपल्याला फक्त बघायला मिळते. आणि एकदा घेतली की सोडायची नाही. कोणी बूट घालून बांधावर आला तरी नाही, आणि कोणी थँक यू म्हणाला तरी नाही.

दोन पाकिटं संपली तेव्हा माझ्यापुढे तेरा दुरंगी जमिनी होत्या. क्षिप्रा फेरी मारत आली, ढीग बघून थांबली आणि म्हणाली, 'काका, सातबारा पण आणलाय का?'

"असं ती म्हनाली?" भगवानने विचारलं.

"तिच्या ओठावर आलं होतं."

"म्हंजे नाय म्हनाली."

आता गंमत बघ. तिसरं पाकीट फुटलं. सगळ्या पोरांचे दोन-दोन रंग ठरलेले. निखिल तांबडा आणि काळा. त्याच्यासमोर पांढरा हत्ती आला तरी त्याला तो सोडावाच लागणार, त्याच्याकडे पांढरी जमीन कुठे आहे? आणि मी? मला पाचही दारं उघडी. पांढरा हत्ती आला, घेतला. काळी चेटकीण आली, घेतली. हिरवा अजगर आला, तोही घेतला. उरलेलं उष्टं समजून जे सगळे पुढे सरकवत होते त्यात निव्वळ सोनं होतं, आणि ते उचलायचा हक्क अख्ख्या टेबलावर एकट्या माझा होता. कारण माझ्याकडे बेस होता! शौनकने माझे पत्ते वाकून बघितले आणि त्याचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"हे बरोबर आहे," प्राची हळूच म्हणाली. तिचे डोळे मोठे झाले होते. "आबा, हे खरंच बरोबर आहे. असंच करतात पाच रंगवाले."

"करतात काय, मी केलं!"

कॅट लावायला पाऊण तास दिला होता. माझा दहा मिनिटांत झाला. वेळ होता म्हणून खिशातले शेंगदाणे काढले, तर क्षिप्रा धावत आली. खायला मनाई! पत्त्यांना तेल लागतं म्हणे. अगं बाई, आगीच्या राक्षसाला दोन थेंब तेल लागलं तर त्याचं वाईट होईल की भलं? पण नाही. नियम. भिंतीवर आणखी एक कागद. त्या दुकानात भिंत कमी आणि कागद जास्त. शेंगदाणे मी खिशात परत टाकले आणि राग गिळला. तेवढाच आज दुपारी पोटात गेला.

पहिला डाव शौनकशी. त्याला मी एवढ्या झटक्यात गुंडाळला की तो बसलाही नव्हता. दुसरा एका दातांच्या डॉक्टरणीशी, वैदेही तिचं नाव. ती हरली आणि म्हणाली, आबा, तुमचे दात मी फुकट बसवून देते.

"दात हायेत तुला?" भगवानने विचारलं.

"म्हणूनच मी नको म्हटलं."

आणि मग तिसरा. निखिल. शेवटचा डाव, समोरासमोर. तोवर बातमी खाली पोचली होती. खालचा वडापाववाला कढई उकळती सोडून वर आला. समोरच्या मॉलचे दोन गार्ड आले. एक नवरदेव आला, फेट्यासकट, त्याची वरात खाली खोळंबलेली. काचेच्या दाराला माणसं अशी चिकटली की दार आतल्या बाजूला फुगलं.

भगवान तोंडावर हात ठेवून हसत होता, पण उठत नव्हता. रखमाचा हात शेंगेवर थांबला होता. प्राची मात्र हसत नव्हती. ती दोन्ही हातांनी माझा गुडघा धरून बसली होती.

दोघांकडे वीस-वीस प्राण. समोरच्याचे वीस संपवले की जिंकलो. मी पहिली जमीन मांडली. त्याने मांडली. मी दुसरी मांडली. त्याने मांडली आणि वर एक काळा लांडगा सोडला. माझे प्राण सतरा. मी तिसरी जमीन मांडली. त्याने दुसरा लांडगा सोडला. माझे बारा. आणि हे करताना तो काय करत होता माहीत आहे? फोन बघत होता! एका हाताने माझा जीव घेत होता आणि दुसऱ्या हाताने कोणाला तरी अंगठा पाठवत होता. माझ्या बापाच्या जमिनीवर सही घेताना साहेबाने निदान टोपी तरी काढली होती!

'फोन ठेव,' मी म्हटलं.

'काका, चालू ठेवा, मी बघतोय,' तो म्हणाला. 'मला साडेतीनला जिमला निघायचंय.'

पत्ता खिशात, जीव मुठीत, आणि ह्याला जिमला निघायचंय. मी चौथी जमीन मांडली आणि हत्ती उतरवला. अख्खं दुकान हललं. तर त्याने मांडला कोण? तोच. मशालवाला राक्षस. मी स्वतःच्या हाताने त्याला सरकवलेला.

"मी म्हटलेलं," प्राची म्हणाली. "ब्लॉक केलंत ना?"

"अडवला. हत्तीने अडवला. दोघांची अशी जुंपली की टेबलावरची बाटली पडली. हत्ती गेला."

"मग चेटकीण?"

"चेटकिणीला दोन काळ्या लागतात. माझ्याकडे एकच होती."

"अजगर?"

"अजगराला लांडगे चावले."

माझे प्राण आठ. मग पाच. मग एक. फक्त एक, प्राची! आणि त्याचे? वीसच्या वीस. हात लागला नव्हता. वडापाववाल्याने डोळे मिटले. शौनक म्हणाला, 'आजोबा, छान खेळलात.' छान! हरलेल्या माणसाला छान म्हणू नये, आणि मी तर अजून हरलोही नव्हतो. निखिलने पत्ते गोळा करायला हातसुद्धा पुढे केला. माझी पाळी चालू असताना! मी त्याच्या मनगटावर बोट ठेवलं. 'हात काढ,' म्हटलं. 'जमीन माझी आहे. मी उठेन तेव्हा उठेन.'

"वा," भगवान म्हणाला. आता तो हसत नव्हता.

माझ्या हातात एकच पत्ता उरला होता, तांबडी-पांढरी जमीन. ती मांडली. पाचवी. आता माझ्यासमोर पांढरा होता, निळा होता, काळा होता, तांबडा होता, हिरवा होता. पाच रंग, एका रांगेत, पाडव्याच्या रांगोळीसारखे. आणि हात रिकामा. कॅटावरचा एक पत्ता तेवढा ओढायचा राहिला होता.

"पाळीच्या सुरुवातीला ओढतात ना?" प्राचीने विचारलं.

"ओढला होता. बघितला नव्हता. पालथा ठेवला होता."

"का?"

"म्हाताऱ्या माणसाला थोडं देवासाठी ठेवावं लागतं. मध्ये बोलू नकोस."

क्षिप्राने पाणी आणून दिलं. मी प्यायलो. पेला खाली ठेवला. एसीचा आवाज बंद झाला. निखिलचा फोन पहिल्यांदा खाली गेला. मी गावदेवीचं नाव घेतलं, बापाचं नाव घेतलं, त्या बांधाचं नाव घेतलं आणि पत्ता उलटला.

"कोन?" भगवान पुढे सरकला. "कोन होता, सिताराम?"

कोण असणार? पाचही रंगांच्या जमिनी समोर मांडल्यावर येणार कोण? पंचफणी! टेबलावर पडल्याबरोबर पाचही फणे असे उभे राहिले की निखिलची खुर्ची मागे घसरली. काळ्या फण्याने एक लांडगा गिळला, हिरव्याने दुसरा. निळ्याने मशाल विझवली, पांढऱ्याने राक्षसाला विळखा घातला. आणि तांबडा फणा सरळ सुटला निखिलवर. वीस प्राण. वीस! अठरा, चौदा, नऊ, चार, शून्य! नवरदेवाने फेटा उडवला. गार्डांनी शिट्ट्या मारल्या. निखिल उठला, कान पकडले, दोन्ही हात जोडून म्हणाला, आबा, काका म्हणालो ती चूक झाली, आणि...

भगवानने मांडीवर थाप मारली. "आयला! शाब्बास रं!"

रखमाने पुढची शेंग उचलली, पण सोलली नाही. मी प्राचीकडे बघितलं. ती टाळ्या वाजवत नव्हती. माझा गुडघा तिने सोडला होता आणि ती माझ्या शर्टाच्या खिशाकडे बघत होती. शेंगदाण्यांनी फुगलेल्या.

"आबा," ती म्हणाली, "पंचफणी तर निखिलदादाच्या खिशात होता. तुमच्या कॅटात नव्हताच. तुमी हरलात."